विषय: ९ वॅटच्या एलईडी बल्बखाली रंग खरे दिसत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. बावीस वर्षे घरीच ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. आमचे घर बोळात आहे. पावसाळ्यात मशीनच्या खोलीतला दिवा सकाळी दहाला लागतो, तो रात्री आठपर्यंत बंद करता येत नाही. जूनमध्ये महाद्वार रोडवरच्या दुकानातून मी आपल्या कंपनीचे ९ वॅटचे चार बल्ब ४८० रुपयांना घेतले. खोक्यावर वीज बचतीचे स्टार, ९०० लुमेन, ६५०० केल्विन आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘दिवसाच्या उजेडासारखे खरे रंग’ असे छापले आहे. ही ओळ वाचली म्हणून मी हातातले स्वस्त बल्ब परत ठेवले.

गौरी-गणपतीच्या आधी माझ्याकडे डाळिंबी रंगाची रेशमी इरकल फॉलसाठी आली. दहा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक आहेत त्या बाई. संध्याकाळी आपल्या बल्बखाली मी फॉल निवडला, साडीवर ठेवून पाहिला, रीळही तिथेच जुळवले. सगळे एकजीव दिसले. एका बाजूने मशीन मारली, दुसरी बाजू हाताने टिपली. सकाळी घडी घालायला साडी दारात आणली तर साडी डाळिंबी आणि फॉल चक्क आमसुली! उसवून नवा लावला, पण रेशमावर सुईची भोके राहिली ती राहिलीच. मजुरी घेतली नाही. बाई काही बोलल्या नाहीत. पण गौरीच्या ओवशाला नेसायची साडी आपण खराब केली, हे माझ्या मनातून जात नाही.

आपल्या ग्राहक सेवेला मी तीन वेळा फोन केला. दोनदा सांगितले, ‘बल्बला स्टार मिळालेले आहेत.’ तिसऱ्यांदा सांगितले, ‘६५०० केल्विन म्हणजेच दिवसाचा उजेड.’ दोन्ही उत्तरे माझ्या तक्रारीची नाहीत. स्टार हे एका वॅटमागे किती लुमेन उजेड मिळतो यावर दिले जातात. केल्विनचा आकडा उजेड पिवळसर आहे की निळसर पांढरा, एवढेच सांगतो. त्या उजेडात डाळिंबी रंग डाळिंबी दिसेल का, हे सांगणारा आकडा वेगळा आहे. त्याला सीआरआय म्हणतात आणि तो आपल्या खोक्यावर कुठेच नाही.

माझी मुलगी शिवाजी विद्यापीठात फिजिक्स शिकते. तिने पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक चीर पाडली, उजेडातले रंग सुटे दिसावेत म्हणून आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवला आणि एकाच होल्डरमध्ये एकेक बल्ब लावून मला त्यातून पाहायला लावले. फडताळातला ६० वॅटचा जुना साधा बल्ब लावला तेव्हा जांभळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत अखंड पट्टा दिसला. सीएफएलचे रंग तुटक, वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसले. आपल्या बल्बचा निळा रंग झगझगीत, त्याच्या शेजारी अंधारी फट, पुढे हिरवा-पिवळा भरपूर आणि तांबडे टोक अगदी मरतुकडे. मूळ चिप निळा उजेड देते आणि तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा होतो. त्या लेपात तांबड्याची भर घातली नसेल, तर साडीवरचा गडद तांबडा रंग परत उजळायला उजेडात तांबडे असतेच कुठे? त्यामुळे डाळिंबी काळपट होऊन आमसुलीत मिसळतो. मोरपंखी आणि पोपटी मात्र व्यवस्थित ओळखू आले, हेही सांगते.

मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटते. सीआरआय हा आठ फिकट रंगांच्या चाचणीची सरासरी असतो. गडद तांबडा नववा, आर ९, तो त्या सरासरीत धरलाच जात नाही. म्हणजे उद्या आपण ‘सीआरआय ८०’ छापले तरी कुंकू, डाळिंब, लग्नाचा शालू यांचे काय होईल ते कळणार नाही. आमच्याकडच्या निम्म्या साड्या याच रंगांच्या!

मी एलईडीच्या विरोधात नाही. साध्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते. त्याच्या ६० वॅटमध्ये सुमारे ७०० लुमेन मिळतात. आपला बल्ब ९ वॅटमध्ये ९०० देतो, आणि उजेड भरपूर पडतो याबद्दल माझी तक्रार नाही. दोन दिवे दहा तास लावले तर पूर्वी महिन्याला ३६ युनिट जात, आता साडेपाचही जात नाहीत. त्यामुळे आमचे बिल १०० युनिटच्या पहिल्या टप्प्यात बसते. ही बचत मला हवीच आहे.

पण नंतर मी ९० सीआरआय आणि आर ९ चा आकडाही छापलेला दुसऱ्या कंपनीचा बल्ब मागवला. तोही ९०० लुमेनचाच, फक्त ११ वॅटचा. त्याखाली डाळिंबी आणि आमसुली रात्रीसुद्धा वेगळे दिसतात. आपल्या डोळ्यांना गडद तांबडा उजेड मंद जाणवतो, म्हणून तो वाढवला की तेवढ्याच वॅटमध्ये लुमेन कमी भरतात आणि स्टारचे गणित बिघडते. ते बिघडते किती? दोन दिव्यांत मिळून चार वॅट, महिन्याला सव्वा युनिट. हे सव्वा युनिट मी आनंदाने भरीन. पण तो निर्णय मला घेऊ द्यायला हवा होता. आपण माझ्या वतीने तांबडा रंग कापला आणि वर ‘खरे रंग’ असे लिहिले.

आणखी एक. या बल्बखाली मोटार लावलेल्या मशीनचे चाक कधी कधी थांबल्यासारखे दिसते. मोबाईलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. जुन्या बल्बची तार तापलेली राहते म्हणून तिथे ते फारसे जाणवत नाही. एलईडीत ते ड्रायव्हरने, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटने, सांभाळायचे असते. चाक फिरत असताना थांबल्यासारखे दिसणे हे बोटे सुईजवळ असणाऱ्या माणसासाठी धोक्याचे आहे. कृपया हे आपल्या इंजिनिअरांपर्यंत पोहोचवा.

मला चार बल्बचे ४८० रुपये परत हवेत. साडीची भरपाई मी मागत नाही, ती माझी मी केली आहे. मात्र खोक्यावरची ‘खरे रंग’ ही ओळ काढा, नाहीतर सीआरआय आणि आर ९ हे दोन्ही आकडे लुमेनइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. त्यानेही झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन.

बिलाची प्रत, खोक्याचे फोटो आणि दोन्ही उजेडांतले साडीचे फोटो सोबत जोडले आहेत. फोटोंवर विश्वास नसेल तर आपला माणूस पाठवा. उसवलेला आमसुली फॉल आणि डाळिंबी इरकलचा ब्लाऊजपीस कापून उरलेला तुकडा मी जपून ठेवला आहे. सकाळी अकराच्या आत या म्हणावे, त्यानंतर आमच्या दारात पुरेसा उजेड नसतो.

आपली ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर