चर्चचा मीटर रात्री फिरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ अनेक चर्च सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. त्यानिमित्ताने उपदेश होतात, संडे स्कूलची मुले पोस्टर रंगवतात, मग समिती बसते आणि पहिली सूचना हमखास येते: सगळे पंखे बदला. निदान उपासनेच्या सभागृहात तरी ही घाई करू नये.

साधा पंखा 75 वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा म्हणजे बीएलडीसी पंखा 30 वॅटचा. आठवड्याला पाच तास चालणाऱ्या पंख्यामागे वर्षाला जेमतेम 12 युनिट वाचतात. युनिट बारा रुपयांचे धरले तरी तीन हजारांचा पंखा वसूल व्हायला वीस वर्षे लागतील. त्याच आवारात 400 वॅटचा जुना मेटल हॅलाइड दिवा रोज रात्री अकरा तास जळत असतो. त्याजागी 100 वॅटचा एलईडी लावला की वर्षाला सुमारे 1200 युनिट वाचतात, म्हणजे शंभर पंख्यांइतके. म्हणून रविवारी उपासना संपल्यावर मीटरचा आकडा लिहा, शनिवारी पुन्हा लिहा. चर्च रिकामे असताना किती वीज गेली ते कळेल. बीएलडीसी पंखे दिवसभर वापराच्या जागी, म्हणजे ऑफिस, वसतिगृह, पाळकांच्या घरी लावावेत.

उन्हाळ्यात मोठे कूलर लावून खिडक्या बंद करणारी मंडळी बरीच. कूलर म्हणजे एसी नव्हे. आत ढकललेली हवा बाहेर पडायला वाट हवी. समोरच्या बाजूच्या उंचावरच्या झडपा उघड्या ठेवा. नाहीतर आत दमट होते, घाम वाळत नाही आणि कोणीतरी लगेच एसीसाठी वर्गणी सुरू करतो.

खरी मोठी संधी छपरावर आहे. नागपुरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. 300 चौरस मीटर छपरावरून, गळती-बाष्पीभवनाचे वीस टक्के वजा केले तरी, 2 लाख 40 हजार लिटर पाणी मिळते. उतरत्या कौलांचे माप घेऊ नका, छपराखालच्या जमिनीचे घ्या. नाहीतर हिशेब फुगतो. हंगामातले पहिले 600 लिटर, म्हणजे दर चौरस मीटरला दोन लिटर, धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतात. ते बाहेर सोडायला पाइपला वेगळी झडप हवी. पुढचे पाणी जाळी आणि वाळू-गिट्टीच्या गाळणीतून विहिरीत सोडावे. विहीर नसेल तर शोषखड्डा, पण काळ्या मातीत खणलेला खड्डा डबक्यासारखा भरून राहतो. मुरूम लागेपर्यंत खणा. या योजना बहुधा बिघडतात त्या पन्हाळीत साचलेल्या पाल्यामुळे आणि कोणीच न उघडलेल्या झडपेमुळे. मे महिन्यात पन्हाळी साफ करायचे काम एका व्यक्तीच्या नावावर असावे. 'समितीने पाहावे' असे इतिवृत्तात लिहिले की ते कोणीच पाहत नाही.

सौर पॅनल कौलांवर नकोत, हॉलच्या स्लॅबवर बसवा. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि सरासरी रोज चार युनिट मिळतात. 'पीएम सूर्यघर' योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. खजिनदारांनी ते अंदाजपत्रकात धरू नये.

चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो. तो खतात कुजत नाही. स्टीलचे पेले घ्या, तीन टब मांडा: साबणाचा, साध्या पाण्याचा, गरम पाण्याचा. ज्याने प्यायला त्याने विसळायचा. हे ठरले नाही तर धुणे महिला मंडळावर पडते आणि दोन महिन्यांत कागदी कप परत येतात. हंगामाच्या सणाच्या (हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या) प्रीतिभोजनालाही हीच रीत चालावी. वेदीवरची फुले हिरव्या फोममध्ये खोचू नका, तेही प्लॅस्टिकच. पितळी फुलदाणीत तारेची जाळी दुमडून बसवली की देठ सरळ राहतात. निर्माल्याचे खत करताना त्यात तिप्पट वाळला पाला घाला, वास येत नाही.

राहता राहिले वृक्षारोपण. 5 जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, नागपुरात बहुधा पाऊस पोचलेला नसतो. फोटो निघतो, रोप करपते. दोन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैत लावा. पुढचे दोन उन्हाळे पाणी द्यावे लागेल, तेव्हा चौकीदाराच्या नळाची नळी पोचते तेवढीच रोपे लावा.

आपला,
एक वाचक, सदर, नागपूर