तू तिला फोन कर

जळगाव

अरे भो,

इतके दिवस पत्र नाही म्हणून घातलेल्या शिव्या पोचल्या. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. लिहायचं कारण वेगळंच आहे, आणि ते घरात कुणाला कळणार नाही.

पुतणी पुण्याला मुलाखतीला गेली होती. म्हणाली, 'आय पास्ड आउट इन २०२३.' समोरचा म्हणाला, 'मग शुद्धीवर कधी आलात?' सगळे हसले. तेव्हापासून पोरगी इंग्रजीचं नाव काढू देत नाही. बुधवारी दुसरीकडे बोलावलंय, तर जायचंच नाही म्हणते. दादा म्हणतो, होईल ठीक. कसलं ठीक!

खडकवासल्याला एनडीएत दर वेळी 'पासिंग आउट परेड' होते, तिथं कुणी नाकाला कांदा लावतं का? लष्करात ते चालतं. एरवी त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं, 'ग्रॅज्युएटेड' म्हणायला हवं होतं, मान्य. पण म्हणून हसायचं?

मग तिची मेल वाचली. 'प्लीज रिव्हर्ट.' रिव्हर्ट म्हणजे पहिल्या स्थितीला परत जाणं. उत्तर हवं तर 'रिप्लाय'. 'डिस्कस अबाउट'मधला अबाउट फुकटचा. 'आय हॅव अ डाउट' म्हणते, म्हणजे हिला विचारायचंय काहीतरी, आणि साहेबाला वाटणार, हिचा आपल्यावर विश्वासच नाही. पण हे तिला सांगू कसं? आत्ता एक चूक दाखवली की कायमची गप्प.

आणि चूक तरी कशाला म्हणायचं? 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, असा शब्दच नाही म्हणणाऱ्या सरांच्या बाजूनं तू उभा राहिलास, आपण पोळ्यापर्यंत बोललो नव्हतो. तो आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे! भरीत पार्टी तुझ्याकडे लागू, कळण्याच्या भाकरीसकट. 'आउट ऑफ स्टेशन' तर गोऱ्यांचंच. नेमणुकीच्या ठाण्याला ते स्टेशन म्हणायचे. ते विसरले, आपण सांभाळलं. आई बाबांना 'आमचे मिस्टर' म्हणायची त्यावर तू अजून हसतोस, पण ते केव्हाच मराठी झालं, त्याला हात लावायचा नाही.

तर तू तिला फोन कर. मुलाखतीचा विषय काढू नको. इंग्रजीत गप्पा मार आणि मुद्दाम चुक. इंग्रजीचा मास्तर 'डिस्कस अबाउट' म्हणतोय म्हटल्यावर ती टोकल्याशिवाय राहायची नाही. एकदा टोकलं की बोलायला लागेल. बुधवारच्या आत, विसरू नको.

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. केळीचे भाव विचारू नको.

तुझाच,
बाळ्या