गिरवलेल्या रेषेखालच्या माणसांना

शॅरन बेअर्डबाई, बिली बार्टी आणि स्पेनच्या माळावर राक्षसी ऑर्क होऊन धावलेली समस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

(बार्टी २००० साली गेले. पण आभाराच्या पत्राला त्याची अडचण नसावी.)

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर राल्फ बक्षी यांनी १९७८ साली केलेला अ‍ॅनिमेशनपट बरेच जण दोन शब्दांत निकालात काढतात : ‘नुसतं गिरवलंय.’ आरोप खरा आहे. आधी तुम्ही पोशाख चढवून, हातात तलवारी घेऊन कॅमेऱ्यासमोर सगळे प्रसंग केलेत आणि मग चित्रकारांनी तुमच्या अंगावरून रेषा ओढल्या. पण पाटीवर गिरवायचं म्हटलं तरी आधी कुणीतरी अक्षर नीट काढून द्यावं लागतं. ते तुम्ही काढून दिलंत, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

ही रीत बक्षींनी शोधलेली नाही. मॅक्स फ्लायशर यांनी रोटोस्कोपच्या, म्हणजे चित्रित फिल्मवरून चित्र गिरवण्याच्या यंत्राच्या, पेटंटसाठी १९१५ मध्ये अर्ज केला, १९१७ मध्ये ते मिळालं. विदूषकाचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर नाचला तो त्यांचा भाऊ डेव्ह. (इकडे दादासाहेब फाळके साधारण त्याच सुमारास ‘आगकाड्यांची मौज’साठी काड्या एकेक फ्रेम सरकवत होते.) पुढे ही युक्ती बहुतेक वेळा एखादी राजकन्या, एखादा नाच एवढ्यापुरतीच वापरली गेली. बक्षींनी तिच्यावर अख्खं सैन्य उभं केलं.

हिशेब केला तर छाती दडपते. सिनेमा १३२ मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,९०,०८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना पुरवलं तरी आकडा ९५ हजारांवर राहतो, आणि एका फ्रेममध्ये चार माणसं असली तर तो पुन्हा वाढत जातो. रोटोस्कोपचं काम साधारण असं चालतं : चित्रित फिल्मची एकेक फ्रेम मोठी करून कागदावर छापायची. कडेला भोकं पाडलेला दुसरा कागद त्यावर खुंट्यांत अडकवून ठेवायचा, म्हणजे केसभरही हलत नाही. रेषा काढायची, ती सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानावर, उतरवायची आणि रंग सेलच्या पाठीमागून भरायचा. पुढून भरला तर तो रेषेवर चढतो. वाळलं की सेल रंगवलेल्या पार्श्वचित्रावर ठेवून वरून एक फ्रेम टिपायची, की पुढचा सेल.

या साखळीत चित्रकार बरंच काही बदलू शकतो, पण माणसाने अंगाचा भार कधी आणि कुठल्या पायावर टाकला ते बदलायला गेला की चित्र पोकळ होतं. सगळ्यात जास्त हे कळतं हॉबिटांपाशी, म्हणजे टॉल्किनच्या बुटक्या माणसांपाशी. फ्रोडोच्या हालचाली बेअर्डबाईंनी केल्या, बिल्बो आणि सॅमच्या बार्टींनी. उंच माणसाचं चित्रीकरण करून त्याला चित्रात आखूड केलं असतं तर काय बिघडलं असतं? चाल बिघडली असती. चालताना पाय लंबकासारखा झुलतो, आणि लंबक जितका आखूड तितका झोका लवकर पुरा होतो. लांब ढांगेचा ठेका आखूड पायांना दिला की हॉबिट गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखा दिसतो. तुमच्या उंचीमुळे पावलांचा ठेका मुळातच हॉबिटाचा आला. कागदावर तो दुरुस्त करून मिळत नाही.

डोकं मात्र गिरवून भागत नाही. हॉबिटाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यामुळे ते वेगळं काढून खाली तुमच्या मानेवर बसवावं लागतं. मान वळली की तो सांधा सरकतो. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे आधी कानाची जागा आणि हनुवटीचं टोक प्रत्येक फ्रेमवर ठिपक्याने पक्कं करायचं आणि मग चेहरा काढायचा. नाक-डोळ्यांपासून सुरुवात केली की डोकं मानेवर तरंगू लागतं.

दुसरी खोड रेषेच्या थरथरण्याची. अ‍ॅनिमेशनवाले तिला ‘बॉइल’ म्हणतात, आणि शब्द चपखल आहे : रेषा खरंच उकळते. माणूस स्थिर उभा असला तरी झग्याच्या चुण्या आणि सावलीच्या कडा फ्रेमगणिक थोड्या बदलतात. गिरवणारा दर वेळी नव्याने ठरवतो की यातली कुठली चुणी घ्यायची. मागच्या फ्रेमला तीन घेतल्या, या फ्रेमला चार, की आलीच उकळी. म्हणून कुठल्या चुण्या घ्यायच्या हे सबंध शॉटसाठी आधी ठरवायचं आणि बाकीच्या दिसल्या तरी सोडून द्यायच्या. तरीही एक कबूल केलं पाहिजे. काळ्या झग्यातल्या नाझ्गूलांच्या, म्हणजे भुतासारख्या घोडेस्वारांच्या, बाबतीत ही खोड उपयोगी पडली आहे. झग्याच्या आत शरीर नाहीच, असं त्या अस्वस्थ कापडाकडे बघून वाटतं. स्वच्छ, शांत रेषेने ते साधलं नसतं.

‘प्रान्सिंग पोनी’ खाणावळीचा प्रसंग मात्र आम्हालाही पटत नाही. तिथे काळोखी-उजेडाचा फरक टोकाला नेलेलं तुमचं छायाचित्रच आहे, वरून रंगाचा हात फिरवलेला. मध्ये बसलेले हॉबिट रेषेचे, सपाट रंगाचे. भोवतालची गिऱ्हाइकं बिनरेषेची, फोटोच्या रवाळ पोताची. दोघं एका पंगतीला बसत नाहीत. डोळ्याला एकदा सांगितलं की या जगात वस्तूंना कडा असतात, की बिनकडेचा माणूस त्याला परका वाटतो. दोष तुमच्या कामाचा नाही, दोन रीती एकाच टेबलाशी बसवण्याचा आहे.

हेल्म्स डीप या किल्ल्याच्या लढाईत हीच रीत चालून जाते. तिथे ऑर्क परके वाटायलाच हवेत. काळ्या गर्दीतून फक्त डोळे आणि सुळे चमकतात, आणि खांद्याला खांदा घासत येणाऱ्या घोळक्याचा दाब जाणवतो, कारण तुम्ही खरोखर एकमेकांना घासत पळत होतात. हाताने काढलेल्या गर्दीत बहुधा दहा माणसांच्या हालचाली उलटसुलट करून शंभरांना वाटलेल्या असतात आणि ते दोन मिनिटांत कळतं. इथे जो अडखळतो तो एकदाच अडखळतो. सुरुवातीच्या कथनातल्या लाल कापडावरच्या काळ्या आकृत्याही तुमच्याच. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्याला तो भाग परका वाटायचा नाही.

स्पेनमधला एक किस्सा बक्षी सांगत आले आहेत. तुमच्या चित्रीकरणात विजेच्या तारा, खांब, मोटारी आलेल्या पाहून तिथल्या लॅबमधल्या लोकांनी ती फिल्म जाळून टाकायची तयारी केली होती. असलं गबाळं काम बाहेर गेलं तर हॉलिवूडवाले पुन्हा इकडे फिरकणार नाहीत, अशी त्यांना धास्ती. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की खांब कुणी गिरवणार नाही. जे गिरवलं नाही ते पडद्यावर नाही. रोटोस्कोप समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण आमच्याकडे नाही.

तुमची फिल्म थांबवून थांबवून बघण्यातून एक कृती हाताशी येते. कुणाला करून बघायची असेल म्हणून लिहून ठेवतो. फोनवर १० सेकंदांची चाल २४ फ्रेमवर टिपा. शटर १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि दुसरा वेग ठेवला तर चित्रावर पट्टे येऊ शकतात. बरेच फोन फ्रेममधलं अंतर कमीजास्त करतात, तेव्हा गिरवण्याआधी संगणकावर फिल्म एकसारख्या वेगाची करून घ्या. नाहीतर चाल मध्येच उचकी लागल्यासारखी दिसते. कपडे गडद आणि अंगाबरोबर बसणारे. कोपर, गुडघा, घोटा इथे पांढरी चिकटपट्टी. जमिनीवर खडूच्या फुल्या, कारण पाऊल टेकल्यापासून उचलेपर्यंत ते पार्श्वचित्रावर एकाच जागी खिळलेलं राहिलं पाहिजे. ते नाही राहिलं की माणूस बर्फावरून घसरत चालतो. एकाआड एक फ्रेम घेतली तर १२० चित्रं होतात. ती १, २, ३ अशी ओळीने काढू नका. टाच टेकलेली, अंग सगळ्यात खाली गेलेलं आणि सगळ्यात वर आलेलं, अशी चित्रं आधी काढा आणि मधली मागाहून भरा. ओळीने काढत गेलं की प्रत्येक चित्रातली बारीक चूक पुढच्यात साठते आणि शेवटच्या चित्रापर्यंत माणूस बोटभर लठ्ठ होतो.

बाकी चाहते चिडवतात ते चिडवू देत. योद्धा बोरोमिरच्या डोक्यावरची शिंगं, सिंहाच्या तोंडाचा बॅलरॉग राक्षस, एका वाक्यात सारुमान तर दुसऱ्यात आरुमान होणारा जादूगार, यांतलं काही तुमच्या माथी मारता येणार नाही. हातवाऱ्यांचा अतिरेक मात्र थोडा तुमच्याकडे येतो. दुसरा जादूगार गॅन्डाल्फ साधं वाक्य बोलतानाही दोन्ही हात आभाळाला लावतो. रेषेत चेहऱ्याचे बारकावे हरवतात म्हणून अंगाने जास्त बोलायचं, हा विचार चुकीचा नव्हता, प्रमाण चुकलं. हाताने काढणारा चित्रकार हालचाल वाढवूनच काढतो, गिरवणारा आहे तेवढीच ठेवतो. इथे वाढवण्याचं काम तुम्ही आधीच करून ठेवलं होतं.

सिनेमा हेल्म्स डीपपाशी थांबला. वितरकांनी नावातून ‘भाग पहिला’ काढून टाकला, लोक पुरी गोष्ट बघायला आले आणि अर्धीच मिळाल्याने वैतागले. दुसरा भाग झालाच नाही. फ्रोडो आणि सॅम वाटाड्या गॉलमच्या मागून अजून चालतायत, आणि ती चालही तुमचीच.

शेवटी बोरोमिरच्या मरणाबद्दल. एकेक बाण लागतो तसा तो माणूस खचत जातो, पण कोसळत नाही. शिंगांची टोपी तोवर विसरायला होते. ज्या कुणी ते केलंत, त्यांना आमचा वाकून नमस्कार.

आपले ऋणी,
फ्रेम थांबवून थांबवून पाहणारे काही चाहते

ता. क. : पीटर जॅक्सन यांच्या २००१ च्या सिनेमात बिल्बोच्या वाढदिवसाला एक म्हातारा हॉबिट पाय समोर टाकून ‘प्राउडफीट!’ असं ओरडतो. तो शॉट बक्षींच्या सिनेमाला मुद्दाम केलेला सलाम आहे, असं जॅक्सन यांनीच सांगितलं आहे. त्या तळव्यांचं श्रेय आपापसांत वाटून घ्यावं.