बाई, 'खिचडी' खोडलीत त्याबद्दल

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुम्हाला तोंडावर आभार मानलेले चालत नाहीत. "त्यापेक्षा लेख नीट लिही," म्हणून तुम्ही विषय मिटवता. पण लेख गेल्या आठवड्यात दिवाळी अंकाकडे रवाना झाला, तेव्हा आता तुमची ती सबब चालायची नाही. हे पत्र भाचीकडून वाचून घ्या. ऑपरेशनला पंधराच दिवस झालेत, डोळ्यांना ताण देऊ नका.

मी दिवसभर चिनी यंत्रांची मॅन्युअलं भाषांतरित करणारा माणूस. व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा ते मला बरोब्बर कळतं. तेवढ्या जोरावर वांग छोंगयांगनं स्थापलेल्या छ्वानजन या चिनी ताओ पंथावर लेख द्यायचं कबूल केलं आणि पहिलंच वाक्य ठोकून दिलं: 'बाराव्या शतकात वांग छोंगयांगने ताओ, बौद्ध आणि कन्फ्यूशियसच्या विचारांची खिचडी केली.' तुम्ही पेन्सिलीनं 'खिचडी' खोडलीत. मी 'संगम' लिहिलं, तोही खोडलात. 'समन्वय'भोवती गोल काढून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलंत आणि म्हणालात, "उपमा आणि मोठे शब्द नकोत. त्या माणसानं काय काय केलं ते लिही."

मग सलग चार रविवार तुमचं जेवणाचं टेबल माझ्या कागदांनी भरलेलं होतं.

वांग १११३ साली जन्मला, वायव्य चीनमधल्या शाआन्शी प्रांतातल्या खात्यापित्या घरात. तो लहान असतानाच, ११२७ मध्ये, राजधानी काईफंग पडलं आणि उत्तर चीनवर ईशान्येकडून आलेल्या जुर्चेन लोकांचं राज्य आलं. शिकलेला माणूस, पण मनाजोगं काही हाती लागलं नाही. पुढे त्यानं स्वतःसाठी कबर खणली, वर 'जिवंत मेलेला' अशा अर्थाची पाटी लावली आणि तिच्यात दोनेक वर्षं राहिला. ११६७ मध्ये स्वतःची झोपडी जाळून तो पूर्वेला शानडोंगकडे निघाला. या कबरीवर मी दोन पानं खर्ची घातली होती. तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "कबरीत होता ते रंगवून सांगतोयस. बाहेर आल्यावर काय केलं?"

बाहेर आल्यावर त्यानं मंडळं काढली. शानडोंगच्या किनारपट्टीवर पाच मंडळं, आणि प्रत्येकाच्या नावाची सुरुवात एकच: 'तीन शिकवणी', म्हणजे ताओ, बौद्ध आणि कन्फ्यूशियसची. एका मंडळाचं नाव समतेवरून होतं. त्यातला 'पिंगडंग' हा शब्दच चिनीत बौद्ध भाषांतरांतून रुळलेला, हे तुम्ही सांगितलंत नसतं तर मी त्यावरून सरळ पुढे गेलो असतो. आणि येणाऱ्यांना तो काय वाचायला सांगे? ताओंचा मूळ ग्रंथ 'ताओ ते चिंग', निर्मळ शांततेवरचं एक छोटं ताओ सूत्र, बौद्धांचं हृदयसूत्र आणि कन्फ्यूशियस परंपरेतला मातृपितृभक्तीचा ग्रंथ. लांबलचक तत्त्वचर्चेपेक्षा ही चार नावांची यादीच मला जास्त बोलकी वाटली.

याच यादीत माझी फजिती झाली. दोन चिन्हं मी 'बानरुओ' अशी वाचली आणि दोन दिवस कोश उलटत बसलो. एकाचा अर्थ 'प्रकार', दुसऱ्याचा 'जर'. प्रकार-जर? तुम्ही कागद हातात घेऊन म्हणालात, "बोरं." मला वाटलं, काहीतरी खायला देताय. मग तुम्ही हसत हसत सांगितलंत, "अरे, इथे उच्चार बो-र. हा आपला प्रज्ञा शब्द आहे!" प्रज्ञापारमिता, हृदयसूत्राच्या पूर्ण नावातला शब्द. हजारो मैल दूरच्या माणसाच्या ग्रंथयादीत आपल्याच घरातला शब्द, आणि तो मी चिनी कोशात शोधत होतो. या सूत्राचं चीनमध्ये सर्वाधिक म्हटलं जाणारं भाषांतर ह्युएन त्संगच्या नावावर आहे, तोच जो सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं उपकारकर्त्याला विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. या पत्रापुरता त्यातला पहिला भाग घ्या.

तिसऱ्या रविवारी तुम्ही एक पेअर आणि सुरी समोर ठेवलीत. कापून दोन फोडी केल्यात, मी हात पुढे केला, तर बशी मागे ओढलीत. "पेअर वाटून खाणं आणि ताटातूट होणं, चिनीत दोन्ही 'फन ली'. म्हणून तिकडे जिवलग माणसं एक पेअर वाटून खात नाहीत." वांग मा यू नावाच्या श्रीमंत माणसाच्या बागेत शंभर दिवस कोंडून बसला होता आणि मा व त्याची बायको सुन बु-अर यांना पेअर कापून पाठवत होता, ते यासाठी. प्रपंच सोडा. पुढे दोघांनीही सोडला, आणि वांगच्या सात प्रमुख शिष्यांत दोघांची नावं आहेत.

इथे मी अडलो होतो. एकीकडे आईबापांच्या सेवेचा ग्रंथ वाचायला द्यायचा, दुसरीकडे नवराबायकोला वेगळं करून बौद्ध भिक्षूंसारखं ब्रह्मचर्य आणि मठात राहणं शिकवायचं. हे जुळतं कसं? मला ते कसंही करून जुळवून दाखवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "नाही जुळत ना? मग जुळत नाही असं लिही." बाई, त्या एका वाक्यानं लेख वाचला. मग मला दिसलं की वांगनं सगळं सगळ्यांना दिलंच नव्हतं. मंडळात येणाऱ्या संसारी माणसाची वाट वेगळी, घर सोडलेल्याची वेगळी. त्याच्या नावावरच्या पंधरा उपदेशांत ध्यानाबद्दल आहे, की नुसतं डोळे मिटून बसणं म्हणजे बैठक नव्हे. चालता, उभं राहता, बसता, निजता मन तायशान पर्वतासारखं अचल हवं. हे कुठल्याही झेन गुरूच्या तोंडी शोभलं असतं. पण सोबत श्वास आणि प्राणशक्तीची साधना आहे, ती अस्सल ताओ.

शेवटचं पानही तुमच्यामुळेच. मला 'तीन शिकवणी एक' यावरच गोड थांबायचं होतं. तुम्ही विचारलंत, "आणि १२८१?" वांगचा शिष्य छिउ छूजी १२२२ मध्ये चंगीझ खानाला भेटला. अमरत्वाचं औषध नाही, आयुष्य जपायचे उपाय आहेत, असं त्यानं त्या बलाढ्य माणसाला तोंडावर सांगितलं. राजाश्रय मिळाला, पंथ फोफावला आणि बौद्ध मंदिरांच्या ताब्यावरून भांडणं लागली. ताओंचा आद्यगुरू लाओ त्सु भारतात जाऊन बुद्ध झाला, असं सांगणाऱ्या ताओ ग्रंथावरून तर मंगोल दरबारात वाद झडले. ("बुद्धाला दशावतारात बसवणाऱ्यांना यात नवल नाही," हा तुमचा शेरा मी लेखात घेतला नाही, इथे घेतो.) १२५८ च्या वादात ताओवाले हरले. १२८१ मध्ये चंगीझचा नातू कुबलाई खान यानं 'ताओ ते चिंग' सोडून त्यांचे ग्रंथ जाळायचा हुकूम काढला.

लेख चौदा पानांचा झालाय. 'खिचडी' कुठेही नाही. पेन्सिलीच्या खुणांचा तो पहिला कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, व्हॉल्व्हच्या मॅन्युअलांवर.

रविवारी येतोय. येताना पेअर आणतो. दोन, आणि सुरी काढू नका.

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी