गौरीचा मोबाइल कपाटात ठेवण्यापूर्वी

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. गौरी जेवताना ताटावरून मान वर करत नाही, मैत्रिणींकडे जाणे तिने सोडले आहे आणि मध्यरात्र उलटली तरी तिच्या खोलीत मोबाइलचा उजेड दिसतो, हे वाचून जीव कासावीस झाला. येत्या रविवारी तिचा मोबाइल काढून कपाटात ठेवणार असल्याचे तू लिहिले आहेस. तसे करण्यापूर्वी हे पत्र तुझ्या हाती पडावे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आमचा निनाद बारावीनंतर असाच मिटून गेला होता. संकोचामुळे तेव्हा तुला कळवले नाही. मी रागाने त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि त्यानंतर आठ दिवस तो आमच्याशी बोललाच नाही. शेवटी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारले, "उदासी आधी आली की इन्स्टाग्राम?" मला उत्तर देता आले नाही, निनादने दिले. निकाल मनासारखा लागला नव्हता, बरोबरीची मुले पुण्याला गेली होती, आणि झोप येईना म्हणून तो रात्र रात्र त्यांच्या हॉस्टेलचे फोटो पाहत पडून राहत असे. एकटेपणामुळे त्याने फोन हाती घेतला होता आणि त्या फोनने एकटेपणा आणखी वाढवला होता. मी त्यातले फक्त दुसरे पाहिले होते.

अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत देशाला सल्ला देणारे प्रमुख सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी 2023 मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते, की रोज 3 तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांची जोखीम दुप्पट असते. ते वाचून मीही तुझ्यासारखाच घाबरलो होतो. परंतु मुळात उदास असलेले मूलही फोनकडे अधिक ओढले जाते, हे त्या आकड्यातून कळत नाही. मला त्याहून उपयोगी वाटला तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील 143 विद्यार्थ्यांवरचा 2018 चा प्रयोग. त्यातील एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज 10 मिनिटेच वापरले, आणि 3 आठवड्यांत त्यांचा एकटेपणा कमी झाला. ज्यांचे मन आधीपासून अधिक खचलेले होते, त्यांचे नैराश्यही उतरले. त्यांनी वापर आवरला होता, बंद केला नव्हता.

आपल्याच जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवले जातात. ते थोरांनाही लागू आहे, हे मला फार मोलाचे वाटते. आम्हीही मग रात्री 10 नंतर तिघांचे फोन स्वयंपाकघरात ठेवू लागलो. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त त्रास मलाच झाला, पण निनादला झोप लागू लागली आणि पुढचे बोलणे त्यामुळेच शक्य झाले.

मात्र उदासी, झोप आणि भूक यांतील बिघाड, कशातच रस न वाटणे हे दोन आठवडे टिकले असेल, तर घरच्या उपायांवर विसंबू नकोस, डॉक्टरांना दाखव. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. जगण्यात अर्थ नाही असे काही ती बोलली, तर तिला क्षणभरही एकटी ठेवू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

रविवारी तिच्याजवळ बस आणि ती रात्री काय पाहते, ते पाहून तिला काय वाटते, एवढेच विचार. तिने मध्येच थांबवले, तर थांब. निनादला मी हे सांगितले, तो म्हणाला, "काकांना सांगा, गौरीला घेऊन या, मी तिला हरिपूरला संगमावर फिरायला नेईन." वहिनींनाही घेऊन ये. येण्याचे ठरले की फोन कर, मी स्टँडवर येतो.

तुझा,
अरविंद