सदरा चार दिवस अंगात घालून बघितला

चि. लाडक्या लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला सदरा मिळाला. लगेच फोन करून ‘छान आहे’ म्हणणार होते, पण थांबले. चार दिवस घातला, दोनदा धुतला, मगच लिहायला बसले.

कॉलर, काजं, शिवण सगळं नेटकं आहे. पण हात वर केला की सदरा कमरेपासून वर ओढला जातो. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, फार खोल कापलास. खोल मुंढ्यात हात मोकळा राहील असं वाटतं, होतं उलटंच. तो काखेजवळ आण, मग बघ हात कसा सुटा होतो ते. शिवाय धुतल्यावर उंची पाऊण इंच घटली. बेतण्याआधी कापड भिजवून घेतलं नव्हतंस ना? समारंभाचा पोशाख माणूस चार तास सोसतो गं. रोजच्या कपड्यात मात्र तो बसतो, वाकतो, धावतो, आणि बेतण्यातली चूक झाकायला तिथे भरतकाम नसतं. म्हणून साधा कपडा मला सगळ्यांत अवघड वाटतो.

क्लेअर मॅकार्डेल या अमेरिकन फॅशन डिझायनरबद्दल वाच. १९४२ मध्ये तिने घरकाम करणाऱ्या बाईसाठी गुंडाळून नेसायचा ‘पॉपओव्हर’ झगा केला, त्याला भलामोठा खिसा दिला. बाईच्या हातांना दिवसभर काय लागतं, हे तिने आधी पाहिलं होतं.

आता तुझ्या बुटीकचं. एक सदरा, ३ रंग, ५ मापं म्हणजे १५ प्रकार झाले. प्रत्येकी १० शिवलेस तर १५० नग. मधली मापं आधी संपतात, टोकाची पडून राहतात, आणि तुझा पैसा त्यांच्याबरोबर कपाटात अडकतो. पहिल्यांदा थोडेच शीव. मेरी क्वांट या ब्रिटिश फॅशन डिझायनरने १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर ‘बझार’ नावाचं दुकान उघडलं, तेव्हा आधी दुसऱ्यांचा माल ठेवला होता. मनासारखे कपडे मिळेनात, म्हणून ती स्वतः शिवू लागली. तूही काउंटर दुसऱ्यावर सोपवू नकोस. गिऱ्हाईक कपडा घालून आरशासमोर पहिल्यांदा कुठे हात नेतं, ते स्वतः बघ. बाही ओढतं की पोट झाकतं, ते वहीत लिही.

किंमत ठरवताना कापड, शिलाई, बटणं धरशीलच. भाडं, वीज, न खपलेला मालही धर. आणि तुझी मजुरी. मी इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण उसवून पुन्हा शिवण्यात गेलेल्या रात्री कधी हिशेबात घेतल्या नाहीत. गिऱ्हाइकांनी काही फसवलं नाही, मीच मागितलं नाही. त्याची खंत अजून आहे, म्हणून तुला एवढं बजावून सांगते.

मुंढा आधी कागदावर बदल, कापड भिजवून वाळव, आणि माझ्याच मापाचा दुसरा नमुना पाठव. तोही चार दिवस घालीन. हा मात्र परत मागू नकोस. तुझा पहिला आहे.

तुझी,
आई