लॉगिनच्या त्या हँडलरसाठी, मनापासून आभार

ताई,

नुसतं ‘थँक्यू’ म्हणून गप्प बसणं मला जमलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

अ‍ॅक्सममधला (रस्ट भाषेतलं वेब फ्रेमवर्क) लॉगिनचा हँडलर, म्हणजे लॉगिनच्या विनंतीला उत्तर देणारं फंक्शन. पासवर्ड जुळला तर ३०३ रिडायरेक्ट (दुसऱ्या पानावर रवानगी), नाही जुळला तर तोच फॉर्म एचटीएमएलमध्ये परत, मोबाइल अ‍ॅपने विचारलं तर जेसन. मागणी एवढीच. पण रिटर्न टाइप मी ‘इम्प्ल इंटू रिस्पॉन्स’ (रिस्पॉन्समध्ये बदलता येणारा कुठला तरी टाइप) लिहिलेला, प्रत्येक ब्रांचमधून वेगळा टाइप येत होता, आणि रस्टचा कंपायलर ‘मिसमॅच्ड टाइप्स’ म्हणत अडून बसलेला. तुमच्याआधी ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकाने ‘आधी बेसिक्स पक्के कर’ असं सुनावलं. दुसरा ‘बॉक्स डिन वापर’ (वेगवेगळे टाइप एकाच डब्यात घालायची रस्टची पद्धत) म्हणाला आणि निघून गेला. इथे ते चालतच नाही, कारण इंटू रिस्पॉन्सला अख्खी व्हॅल्यू स्वतःकडे घ्यावी लागते आणि डिनचा आकार कंपायलरला ठाऊक नसतो. स्वतः एकदाही चालवून न बघता सल्ले देणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

तुम्ही माझाच कोड उघडलात. व्हेरिएबलची नावं, इफ-एल्सची मांडणी, माझी अर्धवट कमेंटसुद्धा, सगळं जसंच्या तसं ठेवलंत. प्रत्येक ब्रांचच्या शेवटी फक्त इंटू रिस्पॉन्सचा कॉल आला आणि रिटर्न टाइप झाला साधा ‘रिस्पॉन्स’. वर एक ओळ लिहिलीत: ‘इम्प्लमागे लपलेला टाइप एकच असतो, ब्रांचगणिक बदलत नाही.’

त्या ओळीने गाठ सुटली हे खरंच. पण मला जास्त भिडलं ते माझ्या कोडला तुम्ही धक्का न लावणं. तुमच्या अनुभवाच्या माणसाला सगळं पुसून आपल्या पद्धतीने लिहिणं किती सोपं होतं! समोरच्याने जे उभं केलंय त्याचा मान राखून नेमकं अडलेलं तेवढंच सोडवायचं, याला नुसतं ज्ञान पुरत नाही, माणूस मनाने मोठा लागतो. अशी माणसं टीममध्ये असली की नवख्यांना प्रश्न विचारायची भीती वाटत नाही.

जाता जाता म्हणालात, ‘एरर वाढल्या की रिझल्ट परत कर, एररच्या एनमवर इंटू रिस्पॉन्स लिही. आत्ता घाई नाही.’ (रिझल्ट म्हणजे यश किंवा एरर यांपैकी एक धरणारा टाइप, एनम म्हणजे ठरावीक पर्यायांचा टाइप.) परवा डेटाबेसच्या एरर हाताळताना तेच केलं. प्रश्नचिन्हाने (एरर आली की ती तिथूनच परत पाठवणारी ‘?’ ही खूण) निम्मे मॅच (प्रत्येक शक्यता वेगळी तपासणारे ब्लॉक) उडाले आणि हँडलर एका नजरेत वाचता येतोय. तुम्हाला हे कळायलाच हवं होतं.

तुमची ऋणी,
शेजारच्या टीममधली ज्युनिअर